मैफलीसाठी संभाजीनगर : हिवाळ्यातील एक शनिवार-रविवार

वेरूळ–अजिंठा महोत्सव हा छत्रपती संभाजीनगरातील शास्त्रीय संगीत आणि नृत्याचा हिवाळी महोत्सव. पर्यटन विभाग आणि जिल्हा प्रशासन यांच्या पुढाकाराने तो सोनेरी महालाच्या प्रांगणात भरतो. कार्यक्रम संध्याकाळी उघड्यावर होतात आणि बहुधा आठवड्याच्या अखेरीस येतात. त्यामुळे मुंबई, पुणे, नाशिक किंवा नागपूरच्या रसिकाला शुक्रवारी निघून सोमवारी सकाळी कामावर परतता येते. शहराच्या तीस किलोमीटरच्या परिसरात औरंगाबाद लेणी, देवगिरी, खुलदाबाद आणि वेरूळ आहेत. भारतीय संगीताच्या इतिहासातील वाद्ये, शास्त्र, श्रवण आणि नाद या चार गोष्टींच्या खुणा या चार ठिकाणी सापडतात. संध्याकाळच्या मैफलीची पूर्वतयारी म्हणून दिवसाचा फेरफटका आखता येईल, अशी ठिकाणे महाराष्ट्रात थोडी आहेत.

महोत्सवाची जागा

पूर्वी हा महोत्सव वेरूळला कैलास लेण्याच्या पार्श्वभूमीवर होत असे. एकाच कातळातून कोरलेल्या मंदिरासमोर गायन-नृत्य व्हावे, ही कल्पनाच रसिकांना खेचून नेणारी होती. मात्र हजारोंची गर्दी, प्रखर दिवे, ध्वनिक्षेपक आणि वाहने यांचा भार प्राचीन शिल्पांच्या परिसरावर पडतो. केंद्रीय संरक्षित स्मारकांत करमणुकीचे कार्यक्रम करण्यावर १९५९ च्या नियमांनुसार निर्बंध असून त्यासाठी खास परवानगी लागते. पुढे महोत्सव शहरात सोनेरी महालात आला. मध्यंतरी काही वर्षे त्यात खंड पडला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. त्यानंतरच्या तारखा जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत आल्या आहेत. तारीख दरवर्षी बदलते, म्हणून ती जाहीर झाल्यावरच रेल्वेचे आरक्षण करणे शहाणपणाचे.

सोनेरी महाल शहराच्या उत्तरेला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसराला लागून, डोंगराच्या पायथ्याशी उभा आहे. औरंगजेबाबरोबर दख्खनेत आलेला बुंदेलखंडाचा सरदार पहाडसिंह याने १६५१ ते १६५३ या काळात तो बांधला. आतील भिंतींवर एके काळी सोन्याच्या रंगातली चित्रे होती, त्यावरून हे नाव पडले. महालात आता राज्य पुरातत्त्व विभागाचे वस्तुसंग्रहालय असून मूर्ती, मातीची भांडी आणि उत्खननात मिळालेल्या वस्तू तिथे पाहता येतात. इमारत दुमजली व साधी आहे. तिच्यापुढे मोठे मोकळे मैदान आणि पाठीशी डोंगराची काळी कड आहे. अंधार पडल्यावर दिव्यांत उजळलेली कमानींची रांग रंगमंचाला आयती पार्श्वभूमी देते. महाल दिवसा पाहून घ्यावा. रात्री संग्रहालय बंद असते.

या महोत्सवाखेरीज शहरात हिवाळ्यात आणखी एक महत्त्वाचा समारोह होतो. एमजीएम या शिक्षणसंस्थेच्या आवारातील ‘महागामी’ हे गुरुकुल १९९६ मध्ये सुरू झाले. नृत्यांगना पार्वती दत्ता यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे कथक आणि ओडिसी शिकवले जाते. गुरुकुलातर्फे जानेवारीत, देवगिरीच्या संगीतशास्त्रकार शार्ङ्गदेवाच्या नावाने, ‘शार्ङ्गदेव समारोह’ भरतो. त्यात संध्याकाळच्या सादरीकरणांना सप्रयोग व्याख्यानांची जोड असते. मोठ्या मैदानावरच्या गर्दीपेक्षा जवळून ऐकणे, पाहणे आणि समजून घेणे ज्यांना आवडते, त्यांनी हा समारोह निवडावा.

हवामान आणि वाद्ये

डिसेंबर ते फेब्रुवारी हा मराठवाड्यातला सर्वांत सुखद काळ. दुपारी कोवळे ते मध्यम ऊन असते, हवा कोरडी असते आणि सूर्य कलला की गारवा झपाट्याने उतरतो. थंडीची लाट आली तर रात्रीचे तापमान दहा अंशांच्याही खाली जाते. डोंगराच्या पायथ्याच्या मोकळ्या मैदानात गारठा शहरातल्या घरांपेक्षा जास्त जाणवतो. स्वेटर, शाल आणि कानटोपी बरोबर असली तर शेवटच्या भैरवीपर्यंत निवांत बसता येते. शाल इथेच घ्यायची असेल तर हिमरू आहे. रेशीम आणि सूत एकत्र विणून तयार होणारे हे वस्त्र या शहराची ओळख आहे. चौदाव्या शतकात दिल्लीची राजधानी दौलताबादला, म्हणजे देवगिरीला, आली तेव्हा त्याचे कारागीर इकडे आले, असे परंपरा सांगते. यंत्रमागावरचे हिमरू स्वस्त मिळते. हातमागावरचे काम करणारे विणकर आता थोडे उरले आहेत, म्हणून खरेदीपूर्वी माग प्रत्यक्ष पाहणे चांगले.

थंडीचा परिणाम श्रोत्यांइतकाच वाद्यांवरही होतो. तापमान उतरले की धातूची तार आकसते, ताण वाढतो आणि स्वर चढतो. बासरीचे उलट आहे : गार हवेत ध्वनीचा वेग कमी होतो आणि तिचा स्वर उतरतो. दव पडू लागले की तबल्याची पुडी ओल धरते, सैल होते आणि तबलाही उतरतो. मंचावरची तीन वाद्ये अशी तीन तऱ्हांनी सरकत असतात. उघड्यावरच्या हिवाळी मैफलीत कलाकार दोन रचनांच्या मध्ये पुनःपुन्हा साज मिळवताना, तबल्याचे गट्टे हातोडीने ठोकताना दिसतात त्यामागे हे कारण आहे. तो वेळ मैफलीचाच भाग मानावा. जुळलेल्या तानपुऱ्यांचा नाद मोकळ्या हवेत भरून येतो तो क्षण पुढच्या रागाइतकाच ऐकण्यासारखा असतो.

पोहोचण्याचे मार्ग

मुंबईहून येणाऱ्यांसाठी रेल्वे सर्वांत सोयीची. गाड्या मनमाडमार्गे येतात. वंदे भारत, जनशताब्दी आणि तपोवन या दिवसाच्या, तर देवगिरी आणि नंदीग्राम या रात्री प्रवास करणाऱ्या गाड्या नेहमीच्या वापरातल्या आहेत. शहराचे औरंगाबाद हे नाव २०२३ मध्ये बदलले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये रेल्वे स्थानकाचेही. स्थानकाचे संक्षिप्त नाव आता ‘सीपीएसएन’ आहे, हे आरक्षण करताना लक्षात ठेवावे.

पुण्याहून रस्ता सरळ आहे. अहिल्यानगरमार्गे सुमारे २३५ किलोमीटरचे अंतर पाच तासांच्या आसपास कापले जाते आणि एसटीच्या गाड्या दिवसभर सुटतात. नागपूर आणि मुंबई या दोन्ही दिशांनी समृद्धी महामार्ग शहराच्या जवळून जातो. ७०१ किलोमीटरच्या या महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये, तर इगतपुरी–आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. विमानतळ चिकलठाण्याला, जालना रस्त्यावर आहे.

मुक्कामासाठी स्टेशन रोड, जालना रोड आणि सिडको या भागांत सर्व दरांची हॉटेले आहेत. महोत्सवाच्या आणि लग्नसराईच्या तारखा एकत्र आल्या तर खोल्या लवकर भरतात. सोनेरी महालाकडे जाणारे रस्ते कार्यक्रमाच्या वेळी गजबजतात. स्वतःची गाडी नेण्यापेक्षा रिक्षाने जाणे आणि परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवणे बरे.

शुक्रवार : शहराच्या उत्तर कडेने

दुपारपर्यंत पोहोचलेल्या प्रवाशाने पहिल्या दिवशी शहराच्या उत्तरेचाच भाग पाहावा. सगळी ठिकाणे सोनेरी महालाच्या आसपास असल्याने संध्याकाळी धावपळ होत नाही.

शहराची स्थापना मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या गावी केली. पाणी दूरच्या डोंगरातून खापरी नळांनी आणायचे, अशी नहरींची योजना त्याने आखली आणि ती पुढच्या काळात वाढत गेली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की याच पद्धतीवर चालते. डोंगरातले पाणी जमिनीखालून येते, उंच भिंतीवरून हौदात पडते आणि त्या जोरावर पीठ दळणारे जाते फिरते. पडत्या पाण्याचा अखंड आवाज या आवाराला एक लय देतो. तिथून विद्यापीठाकडे जाताना वाटेत मकाई दरवाजा लागतो. बावन्न दरवाजांचे शहर म्हणून ख्याती असलेल्या या नगरीचे जे दरवाजे टिकून आहेत, त्यांपैकी हा एक महत्त्वाचा.

पुढे बीबी का मकबरा. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम १६५७ मध्ये वारली आणि तिची कबर इथे आहे. वास्तुशिल्पी अताउल्लाह आणि अभियंता हंसपतराय यांची नावे इमारतीवरच कोरलेली आहेत. ताजमहालाशी तिची तुलना सतत होते. संगमरवर थोडा आणि चुन्याचा गिलावा जास्त, हा फरक जवळून दिसतो. त्या गिलाव्यावरचे वेलबुट्टीचे काम मात्र सावकाश पाहण्याजोगे आहे. थंडीतल्या उतरत्या उन्हात पांढऱ्या घुमटामागे निळसर डोंगर दिसतो.

त्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या कीर्तीमुळे त्यांच्याकडे फार थोडे प्रवासी वळतात. संगीताच्या रसिकाने मात्र हे ठिकाण चुकवू नये. तीन गटांत विभागलेल्या या लेण्यांपैकी दुसऱ्या गटातले सातवे लेणे साधारण सहाव्या-सातव्या शतकातले आहे. त्याच्या गाभाऱ्यात बुद्धमूर्तीच्या बाजूच्या भिंतीवर एक नृत्यशिल्प आहे. मध्ये नर्तकी त्रिभंगात उभी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना स्त्रिया वाद्ये घेऊन बसल्या आहेत. बासरी, चर्मवाद्ये आणि झांज यांचा मेळ त्यात ओळखता येतो. संपूर्ण साथसंगत स्त्रियांची आहे, बैठक ठरलेली आहे आणि सर्वांचे लक्ष नर्तकीकडे आहे. एवढ्या जुन्या काळी मैफलीची रचना कशी होती, हे सांगणारा दगडातला हा दस्तऐवज सोनेरी महालापासून हाकेच्या अंतरावरच्या डोंगरात आहे. याच लेण्यात प्रवाशांना आग, चोर, हत्ती, साप, जहाज फुटणे अशा आठ संकटांतून तारणाऱ्या अवलोकितेश्वराचा भव्य पट कोरलेला आहे. व्यापारी मार्गावरच्या भाविकांची ती प्रार्थना होती. गाभाऱ्यात उजेड कमी असल्याने बरोबर छोटी विजेरी असावी. लेणी संध्याकाळी बंद होतात, तेव्हा मकबऱ्याआधी लेणी पाहणे सोयीचे.

पहिली संध्याकाळ : राग आणि वेळ

जानेवारीअखेर इथे सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. हिंदुस्थानी पद्धतीत रागांना प्रहर ठरलेले आहेत. सूर्यास्ताच्या संधिप्रकाशात मारवा, पूरिया, श्री हे राग येतात. रात्रीच्या पहिल्या प्रहरात यमन, भूप, शुद्ध कल्याण. नंतर बिहाग, केदार, बागेश्री. आणि रात्र चढल्यावर मालकंस, दरबारी कानडा. जुन्या मैफली पहाटेपर्यंत चालत, त्यामुळे हा सगळा क्रम एका बैठकीत ऐकायला मिळे. ध्वनिप्रदूषण नियमन व नियंत्रण नियम, २००० यांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. राज्य सरकार वर्षातले ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. या मर्यादेचा परिणाम थेट कार्यक्रमावर होतो. उघड्यावरच्या महोत्सवात सायंकाळचे आणि पूर्वरात्रीचे राग जास्त ऐकू येतात, उत्तररात्रीचे क्वचित. पुण्यात १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवालाही आपली वेळापत्रके याच कारणाने बदलावी लागली.

मैफलीचा साधा क्रम ठाऊक असला तर नवख्या श्रोत्यालाही रस घेता येतो. ख्यालगायनात आधी आलापाने रागाचे रूप उभे राहते, मग विलंबित लयीतला बडा ख्याल, नंतर द्रुत बंदिश किंवा तराणा आणि शेवटी ठुमरी, भजन वा नाट्यपद. कथकात ताल हाच कणा असतो. तोडे, तुकडे, चक्रे आणि तिहाई समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन थांबतात तेव्हा दाद आपोआप निघते. वाद्यवादनात आलाप-जोड-झाला आणि मग तबल्यासह गत. रंगमंचापासून फार दूर बसले तर आवाज ध्वनिक्षेपकाचा होतो आणि चेहऱ्यावरचा भाव हरवतो. कार्यक्रमाच्या अर्धा-पाऊण तास आधी पोहोचून मधली जागा धरणे उत्तम. विलंबित ख्याल चालू असताना उठणे-बसणे टाळावे. दोन रचनांमधल्या विरामात ये-जा करावी.

शनिवार : देवगिरी, खुलदाबाद, वेरूळ

दुसरा दिवस एकाच रस्त्यावरच्या तीन ठिकाणांचा. सकाळी लवकर निघाल्यास संध्याकाळच्या कार्यक्रमाला वेळेवर परतता येते.

शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर देवगिरी, म्हणजे आजचा दौलताबादचा किल्ला. यादव भिल्लम पाचवा याने बाराव्या शतकाच्या अखेरीस इथे राजधानी वसवली. त्याचा नातू सिंघण याच्या दीर्घ कारकिर्दीत राज्य वैभवाला पोहोचले. याच दरबारात शार्ङ्गदेव होता. त्याचा आजोबा भास्कर काश्मीरहून दख्खनेत आला, वडील सोढल यादवांच्या सेवेत राहिले आणि शार्ङ्गदेव स्वतः श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख होता. हिशेब सांभाळणाऱ्या या अधिकाऱ्याने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ रचला. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन असे त्याचे सात अध्याय आहेत. गायन, वादन आणि नृत्य या तिन्हींना मिळून संगीत म्हणायचे, ही त्याची व्याख्या आजही प्रत्येक संगीत परीक्षेच्या पुस्तकात असते. दोन वीणांवर प्रत्येकी बावीस तारा लावून बावीस श्रुती कानांना कशा पटवून द्यायच्या, याचा प्रयोग त्याने सांगितला आहे. वाद्यांची तत, सुषिर, अवनद्ध आणि घन ही जुनी विभागणीही तो सविस्तर मांडतो. औरंगाबाद लेण्यातली बासरी सुषिर, चर्मवाद्ये अवनद्ध आणि झांज घन, अशी आदल्या दिवशी पाहिलेल्या शिल्पाची उकल या ग्रंथाच्या आधाराने होते.

या ग्रंथाचे मोल आणखी एका कारणाने मोठे आहे. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन पद्धती स्पष्टपणे वेगळ्या होण्याआधीचे संगीत त्यात नोंदलेले आहे, म्हणून दोन्ही परंपरा त्याला आपला पाया मानतात. पंधराव्या शतकात विजयनगरच्या प्रदेशात कल्लिनाथाने त्यावर टीका लिहिली. किल्ल्यात शार्ङ्गदेवाची खूण म्हणावी अशी वास्तू नाही. यादवांच्या राजधानीचा डोंगर, तासून उभे केलेले कडे, खंदक आणि अंधारी, म्हणजे आतला काळोखा भुयारी मार्ग, हेच काय ते त्याच्या काळाशी जोडणारे दुवे. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी झाली आणि १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी इथे आणून गावाला दौलताबाद हे नाव दिले. देवगिरीचा गायक गोपाल नायक आणि दिल्लीचा कवी-संगीतकार अमीर खुसरो यांच्या स्पर्धेची कथा या उलथापालथीच्या काळाशी जोडली जाते. ती इतिहासापेक्षा आख्यायिकेत जास्त मोडते. मात्र दक्षिणेचे आणि उत्तरेचे संगीत या काळात समोरासमोर आले, ही आठवण तिने जपली आहे. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी याच किल्ल्यावर अधिकारी होते. माथ्यापर्यंत चढून उतरायला दोन-अडीच तास लागतात. चढाई ऊन तापण्याआधी करावी.

किल्ल्यापासून घाट चढून गेले की खुलदाबाद. राजधानी हलवली गेली तेव्हा दिल्लीहून अनेक सूफी इकडे आले. निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब हे त्यांत प्रमुख. ईश्वरस्मरणासाठी संगीत ऐकणे, ज्याला समा म्हणतात, त्यावर त्यांचे अपार प्रेम होते. त्यांचा दर्गा इथे आहे. अमीर खुसरोचा मित्र आणि फारसी कवी अमीर हसन सिजझी याचीही कबर खुलदाबादेत आहे. शार्ङ्गदेवाने गाण्याचे शास्त्र लिहिले त्या डोंगरापासून काही किलोमीटरवर, साधारण शंभर वर्षांत, ऐकणे हीच उपासना मानणारी परंपरा रुजली. दर्ग्यात डोके झाकून आणि पादत्राणे बाहेर ठेवून जावे.

वेरूळला एकूण चौतीस लेणी आहेत : पहिली बारा बौद्ध, पुढची सतरा हिंदू आणि शेवटची पाच जैन. १९८३ मध्ये त्यांना अजिंठ्याबरोबरच जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. लेणी मंगळवारी बंद असतात, त्यामुळे शनिवार-रविवारची आखणी निर्धोक. वेळ मर्यादित असेल तर तीन लेण्यांवर लक्ष द्यावे.

दहावे लेणे विश्वकर्मा, ज्याला लोक ‘सुतार का झोपडा’ म्हणतात. हे चैत्यगृह आहे. छताला दगडातच लाकडी फासळ्यांसारख्या कमानी कोरल्या आहेत. वक्र छत आणि उघडे दगडी पृष्ठभाग यांमुळे आवाज लगेच विरत नाही, एका स्वरावर दुसरा स्वर तरंगत राहतो. लांबट, संथ पठणाला ही जागा अनुकूल होती, जलद ताना इथे एकमेकींत मिसळून गेल्या असत्या. वास्तू आणि गायनशैली यांचे नाते समजून घ्यायला यापेक्षा चांगला धडा नाही. एकविसावे रामेश्वर लेणे नटराजाच्या शिल्पासाठी आणि दाराशी उभ्या गंगेच्या मूर्तीसाठी पाहावे. सोळावे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात घडले. कातळ वरून खाली खोदत नेऊन मंदिर मोकळे केले आहे, मागचा कडा सुमारे तीस मीटर उंच आहे. महोत्सव पूर्वी इथे का भरत असे, ते प्रांगणात उभे राहिल्यावर उमगते. आणि तो इथून का हलवणे भाग होते, हेही भिंतींवरच्या रंगाच्या नाजूक उरल्या-सुरल्या थरांकडे पाहून पटते. लेण्यांजवळच बारा ज्योतिर्लिंगांपैकी घृष्णेश्वराचे मंदिर आहे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला.

हिवाळ्याचे खाणे

याच दिवसांत ज्वारीची कणसे दाण्यात दूध भरून कोवळी असतात आणि वेरूळच्या वाटेवर तसेच शहराभोवतीच्या शेतांत हुरड्याची धूम असते. गोवऱ्यांच्या आगटीत कणसे भाजून हातावर चोळून दाणे काढले जातात आणि गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी यांबरोबर खाल्ले जातात. गूळभेंडी आणि सुरती हे हुरड्यासाठी नावाजलेले वाण. हुरडा गरम असतानाच गोड लागतो, म्हणून शेतावर बसूनच खावा. जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत आणि ठेचा मिळतो.

जुन्या शहराची खासियत नान-खलिया. मसालेदार मटणाचा रस्सा आणि तंदूरमधला जाड नान असे हे जेवण तुघलकाच्या लष्कराबरोबर इथे आले, असे सांगितले जाते. ते जड असते, दुपारी खावे. मैफलीपूर्वी हलके खाणे श्रोत्याच्या दृष्टीने हिताचे.

रविवार : अजिंठा किंवा पैठण

तिसऱ्या दिवशी दोन दिशा आहेत. अजिंठा सुमारे शंभर किलोमीटरवर, येण्याजाण्यासह पूर्ण दिवसाचा. पहाटे निघावे लागते. खासगी वाहने फर्दापूर फाट्यावर थांबतात आणि पुढचे अंतर तिथल्या बसने कापायचे असते. लेणी सोमवारी बंद असतात. पहिल्या लेण्यातला महाजनक जातकाचे भित्तिचित्र संगीताच्या रसिकाने शोधून पाहावे. राजाला विरक्तीपासून परावृत्त करण्यासाठी नाचणारी नर्तकी आणि तिच्याभोवतीच्या वादक स्त्रिया पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात रंगवल्या गेल्या. औरंगाबाद लेण्यात दगडात दिसलेला मेळ इथे रंगांत, दागिन्यांसह आणि वस्त्रांच्या पट्ट्यांसह दिसतो. चित्रे जपण्यासाठी आत प्रकाश मंद ठेवलेला असतो. फ्लॅश वापरू नये.

ज्यांना रविवारची मैफलही ऐकायची आहे, त्यांच्यासाठी दक्षिणेला सुमारे पन्नास किलोमीटरवरचे पैठण बरे. अर्ध्या दिवसात परत येता येते. इथे गोदावरीकाठी संत एकनाथांची समाधी आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे शिकून परतलेल्या नाथांनी कीर्तनाला आणि भारुडाला जे रूप दिले, ते मराठवाड्याच्या गावोगावी आजही गायले आणि खेळले जाते. दरबारातल्या शास्त्राला समांतर असे लोकांचे संगीत इथे उभे राहिले. जायकवाडीच्या नाथसागरावर थंडीत स्थलांतरित पक्षी उतरतात. पैठणीचे मागही गावात पाहता येतात.

मुंबईकडे परतणाऱ्यांना रविवारी रात्रीची देवगिरी एक्सप्रेस सोयीची. कार्यक्रम संपवून स्थानकावर पोहोचण्याइतका वेळ हाताशी राहतो आणि गाडी सोमवारी सकाळी मुंबईत शिरते. शार्ङ्गदेवाच्या राजधानीचे नाव मिरवणाऱ्या या गाडीत तीन संध्याकाळींच्या श्रवणाची उजळणी होते आणि प्रवासाची सांगताही.